तंबोऱ्याची तार कां तुटते?

ऐन गाण्यांत जोडाची तार तुटली म्हणून मी एकदां नातीस रागें भरलों. दोष तिचा नव्हता. तार बहुधा बोटाखालीं तुटत नाहीं. तुटते ती खुंटीपाशीं अथवा घोडीपाशीं, जेथें ती वाकलेली असते. दमट हवेनें व घामानें पोलादी तार गंजते. गंजाच्या खांचेपाशीं बारीक चीर पडते व खुंटी पिळतांना ती वाढत जाते. स्वर काळी एकवरून काळी दोनवर चढविला कीं ताण सुमारें सव्वापट होतो. चिरलेल्या तारेस तो सोसत नाहीं. म्हणून गाणें संपतांच तार कोरड्या फडक्यानें पुसावी, तंबोऱ्यास गवसणी घालावी आणि तांबूस डाग दिसतांच तार बदलावी. तिचें आयुष्य महिन्यांवर नव्हे, या निगेवर ठरतें. पावसाळाभर तंबोरा उघडा ठेवणारा मीच होतों!