विकत घेतलेल्या पुस्तकाला कुलूप कोणाचे?

पुस्तक विकत घेतले की ते आपले झाले, अशी आपली साधी समजूत. वाचून झाले की ते शेजारच्या मुलाला द्यावे, वस्तीतल्या वाचनालयात ठेवावे. दुकानदार काही मागून येऊन ते हिसकावून घेत नाही. परंतु पैसे भरून घेतलेल्या ई-पुस्तकाची, गाण्याची वा चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. त्याला बहुधा विक्रेत्याने कुलूप घातलेले असते आणि किल्लीही त्याच्याच हाती असते. मग पैसे मोजणाऱ्याने स्वतःच्या उपयोगासाठी ते कुलूप काढले, तर तो गुन्हेगार ठरतो काय?

हा प्रश्न हवेतला नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि ग्राहकांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले. पण पैसे परत मिळणे आणि पुस्तक आपल्या हाती राहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेने १९९८ साली कायदा करून असे कुलूप तोडण्यालाच मनाई केली. सवलत हवी असेल तर दर तीन वर्षांनी नव्याने मागायची. अंध वाचकांना ई-पुस्तक यंत्राकडून वाचून घेता यावे, यासाठीही २००३ साली अशी सवलत द्यावी लागली. नॉर्वेत यॉन योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने साथीदारांसह डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्यावर खटला झाला. परंतु २००३ साली खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरवले. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यात गुन्हा कसला, हाच त्या निकालाचा गाभा.

आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ६५-अ आले. कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी शिक्षा त्यात आहे. हे ऐकून घाबरून जाण्याआधी वाचकांनी त्यातली अट नीट वाचावी. लेखक-निर्मात्यांच्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले, तरच हा गुन्हा होतो. कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही, अशा कामासाठी ते काढण्यास हे कलम आड येत नाही. कलम ५२ ने खाजगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी रास्त वापराची मुभा दिली आहे. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याचीही दिली आहे. रास्त वापर कोणता, हे प्रकरणागणिक न्यायालय ठरवते, हे खरे. तरीही आपला कायदा ग्राहकाला सरसकट चोर मानत नाही, हे आम्ही ठासून सांगतो.

मग अडचण कोठे? हक्क कागदावर आहे, किल्ली मात्र कंपनीकडे. कुलूप काढून द्या, असे विक्रेत्याला बजावणारी तरतूद कलम ६५-अ मध्ये नाही. ज्याला तंत्र अवगत नाही त्याने दुसऱ्याची मदत घ्यावी, तर मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी, असे कायदा म्हणतो. एका अंध विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक ऐकता यावे म्हणून ही नोंदवही कोण सांभाळणार? अंध वाचकांसाठी झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. त्या देशात हक्क नोंदवहीत अडकावा काय?

आमचे म्हणणे कोणी उलटे लावू नये. कुलूप काढून शेकडो प्रती वाटणे वा विकणे म्हणजे लेखकाच्या घामावर डल्ला मारणे होय. तुटपुंज्या मानधनावर लिहिणाऱ्यांची कदर आम्हाला आहे. पण लेखकाचा हक्क वेगळा आणि विक्रेत्याची मक्तेदारी वेगळी.

म्हणून सरकारने दोन गोष्टी कराव्यात. जे खरोखर विकले जात नाही, फक्त वापरायला दिले जाते, त्यावर 'विकत घ्या' असे लिहू देऊ नये. आणि अभ्यासासाठी, अंध वाचकांसाठी, सार्वजनिक वाचनालयांसाठी किल्ली देणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. ज्ञानाच्या दारावर कुलूप लावणाऱ्यांचा अनुभव या समाजाने पुष्कळ घेतला आहे. पैसे मोजूनही दाराबाहेर उभे राहण्याची पाळी पुन्हा यावी काय? याचे उत्तर वाचकांनीच मागायला हवे.