परसबागेतील तेरडा

नांदेड जिल्ह्यातील मुदखेडचा परिसर फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. येथील गुलाब-मोगरा टोपल्यांतून बाजारात जातो. परंतु तेरड्याचे फूल नाजूक असल्याने टोपलीत टिकत नाही. बाजारात मोल नाही म्हणून बांधावरील तेरडा तणाबरोबर उपटला जातो. बी राखले नाही, तर एके काळी फुकट मिळणारे हे फूल गावातून नाहीसे होण्यास वेळ लागणार नाही. म्हणून त्यास परसबागेत जागा द्यावी.

तेरडा ही भारतातीलच एकवर्षायू वनस्पती होय. मृग नक्षत्राचा पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाली की बी पेरावे. काळ्या जमिनीत पाणी साचून खोड कुजते; म्हणून सपाट वाफा न करता सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा व त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. रोपांस चार-पाच पाने आली म्हणजे ती ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. पावसाने उघडीप दिल्यास हलके पाणी द्यावे. शेपटीवर शिंग असलेली मोठी अळी पाने खाते. ती हाताने वेचून नष्ट करावी.

पेरणीपासून सुमारे दोन महिन्यांत फुले येतात व श्रावण-भाद्रपदातील पूजेची सोय घरीच होते. कोकणात तर तेरड्याचीच गौर आणतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी आहे; झाड मात्र कित्येक आठवडे फुलत राहते. फुलाच्या मागील बाकदार नळीत मध असतो, त्यामुळे मधमाश्याही येतात.

खरी दक्षता बी धरताना घ्यावी लागते. पिकलेल्या बोंडास स्पर्श होताच ते फुटून बी दूर उडते. या अधीर स्वभावावरूनच त्याच्या शास्त्रीय नावात ‘इम्पेशन्स’ हा शब्द आला आहे. याकरिता बोंड फुगून फिकट होऊ लागताच त्यावर पातळ कापडाची पिशवी सैल बांधावी. बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे व पुडीवर रंग आणि वर्ष लिहावे.

ग्रामसेवकांनी शाळेच्या आवारात असा एक वाफा करवून घ्यावा. मुलांनी एकेक पुडी घरी नेली, तर पुढील मृगात गावातील अनेक अंगणांत तेरडा उगवेल.