पाऊस वाजला की छातीत धडधडतं

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्या कर्जत-खालापुरात कोणी विसरलेलं नाही. चौकजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. ज्यांचं माणूस सापडलंच नाही, त्यांना निरोपही घेता आला नाही.

अशा प्रसंगातून वाचलेल्या बाईला आपण म्हणतो, "जीव वाचला ना, आता विसर." पण मनाला बसलेला घाव सांगून विसरता येत नाही. संकटात मेंदू शरीराला इशारा देतो, पळ, लप, सावध हो. संकट टळल्यावर तो इशारा थांबायला हवा. मोठ्या आघातानंतर काहींचा तो थांबत नाही. पत्र्यावर पाऊस वाजला तरी छाती धडधडते, झोप उडते, तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. कोणी चिडचिडं होतं, कोणी गप्प. मुलं आईला सोडत नाहीत. अपघातानंतर किंवा घरातल्या मारहाणीनंतरही असंच होऊ शकतं. हा भित्रेपणा नाही आणि नाटकही नाही.

मग शेजारीण म्हणून आपण काय करायचं? शेलूच्या बचत गटात आम्ही तीन गोष्टी पाळतो. एक, "काय झालं ते सांग" म्हणून खोदून विचारायचं नाही. ती बोलली तर मध्ये न बोलता ऐकायचं. दोन, जेवण, झोप, काम यांची घडी बसायला हातभार लावायचा. तीन, भीती दाटून आली तर जवळ बसायचं. पाय जमिनीवर टेकवून हळूहळू, लांब श्वास सोडायला सांगायचं.

बरेच जण आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही त्रास कमी झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटं सोडू नका. भगताकडे जाऊन आलात तरी डॉक्टर टाळू नका. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे कोणी वेडं ठरत नाही.

बरं होणं म्हणजे विसरणं नव्हे. आठवण राहील, पण तिच्यासोबत शांत झोप लागेल. पुढच्या बैठकीत कोणी गप्प बसलेली दिसली, तर तिच्या शेजारी जाऊन बसा.