सर्व्हरच्या खोलीला कुलूप आहे का?

काटोलमध्ये एखाद्या पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा क्लासमध्ये गेलात तर टेबलाखाली बघा. धूळ खात पडलेला तो डबा बरेचदा ऑफिसचा सर्व्हर असतो. तुमचं आधार, खातं, रिपोर्ट, सगळं त्यात. पासवर्ड कडक असतो, पण खोलीचं दार सताड उघडं.

मशीनच हातात आलं की पासवर्ड फारसा कामाचा राहत नाही. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून मशीन सुरू केलं की विंडोज जागंच होत नाही, मग पासवर्ड विचारणार कोण? किंवा स्क्रू काढायचे आणि डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर फाइल्स समोर.

याचं गाजलेलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 2010 मध्ये हरिप्रसाद, अलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोन्ग्रिप यांनी एका खऱ्या ईव्हीएमचा अभ्यास केला. ते मुंबईतल्या सरकारी गोदामातून चोरीला गेल्याचा आरोप झाला आणि ऑगस्टमध्ये हरिप्रसादांना अटकही झाली. ईव्हीएमला इंटरनेट नसतं. तरी त्यांनी डिस्प्लेचा भाग बदलून आत ब्लूटूथ बसवलं आणि मोबाइलवरून आकडे बदलून दाखवले. खऱ्या निवडणुकीत असं घडलं, हे त्यातून सिद्ध होत नाही. निवडणूक आयोगाचा भर होता सील, पहारा आणि स्ट्राँगरूमवर. म्हणजे वाद कितीही असो, सगळं येऊन थांबतं ते कुलपावरच!

मग छोट्या ऑफिसनं काय करावं? सर्व्हर कुलपाच्या रॅकमध्ये ठेवा, पण जाळीच्या. बंद लोखंडी कपाटात कोंबला तर आपल्याकडचा मे महिना चोराआधी त्याचा निकाल लावेल. बायोसला पासवर्ड द्या, पेनड्राइव्हवरून सुरू होणं बंद करा. मात्र बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल काढला की हा पासवर्ड पुसला जातो, म्हणून डब्यालाही कुलूप हवंच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिस्क एन्क्रिप्शन: विंडोजमध्ये बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवू नका (हसू नका, लोक चिकटवतात). बॅकअपची डिस्कही एन्क्रिप्ट करा आणि दुसऱ्या जागी कुलपात ठेवा.

गंमत म्हणजे तुमच्या खिशातल्या आजकालच्या फोनमध्ये एन्क्रिप्शन आधीच चालू असतं. पुढच्या वेळी झेरॉक्स देताना काउंटरवर एवढंच विचारा: भाऊ, हे ज्यात सेव्ह होतं, त्या डब्याची चावी कोणाकडं असते?