मैदानातला उजेड आणि मुलांचे डोळे

‘मोबाईल ठेव’ असं दहादा सांगूनही मूल ऐकत नाही, कारण हातातलं काढून घेताना आपण त्याला दुसरं काही देत नाही. त्याला मैदान द्या. त्याचा फायदा थेट डोळ्यांना होतो आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

मुलाबरोबर त्याचा नेत्रगोलही वाढतो. तो प्रमाणाबाहेर लांबला, की प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि लांबचं धूसर दिसतं; हीच लघुदृष्टी. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामाइन स्रवतं. तेच या लांबण्याला आवर घालत असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. घरातल्या दिव्यांचा उजेड फार तर ३००-५०० लक्स. दिवसा बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत असतो!

चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांना लघुदृष्टी आली. इतर मुलांत हेच प्रमाण जवळजवळ ४० टक्के होतं.

शिवाय, एकूण आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते. लगोरी, खो-खो, सायकल, काहीही चालेल. आज ऊन कलायच्या आत मुलांना घेऊन बाहेर पडा, आणि तुमचाही फोन घरीच ठेवा.