लॉर्ना : जॅझच्या सुरावटीतील कोकणी विराणी

एकतर्फी किंवा तुटलेल्या प्रेमाची वेदना आळवणाऱ्या संथ गीतांना पाश्चात्त्य संगीतात 'टॉर्च साँग' म्हणतात. प्रतिसाद मिळत नसतानाही प्रेमाची मशाल मनात तेवत ठेवणे, असा त्यामागील संकेत. मराठी श्रोत्याला ही भावना परकी नाही. संतांच्या विराण्यांपासून भावगीतांपर्यंत विरहाची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. मात्र हाच विरह जॅझच्या वाद्यमेळात, तोही कोकणी भाषेत ऐकायचा असेल तर नाव घ्यावे लागते ते लॉर्ना कोर्देरो यांचे.

या गायनप्रकाराच्या वाढीत तंत्राचा वाटा मोठा आहे. 1920 च्या दशकात मायक्रोफोन आला आणि सभागृहाच्या टोकापर्यंत आवाज पोहोचविण्याची गायकाची सक्ती संपली. कुजबुज, नि:श्वास, शब्दांमधला थांबा हे सारे गाण्याचे भाग झाले. बिली हॉलिडे यांचा 1958 चा 'लेडी इन सॅटिन' हा अल्बम त्याचा उत्कट नमुना मानला जातो. रे एलिस यांच्या तंतुवाद्यमेळाच्या मुलायम पार्श्वभूमीवर त्यांचा थकलेला, चिरकलेला आवाज अधिकच बोचतो. पुढच्याच वर्षी, वयाच्या 44 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुंबईत हे संगीत रुजविले ते प्रामुख्याने गोमंतकीय वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेले हे कलावंत रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत. सी. रामचंद्र यांच्या संगीतातील पाश्चात्त्य ढंगामागे चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा हात होता.

ट्रम्पेटवादक व संगीतकार ख्रिस पेरी याच परंपरेतले. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस'मध्ये त्यांच्या वाद्यवृंदासोबत तरुण लॉर्ना गात असत. इंग्रजी गाण्यांवर घडलेला तो दमदार, किंचित खरखरीत आवाज पेरी यांनी कोकणीकडे वळविला. 'पिसो', 'बेबदो', 'नशिबाक रडटा' ही गाणी त्यातूनच लोकप्रिय झाली. पहिल्या दोन शीर्षकांचा अर्थ वेडा आणि दारुडा. तिसऱ्यात तर नशिबाच्या नावाने रडणेच आहे. तोपर्यंत कोकणी गीतांचे मुख्य व्यासपीठ तियात्राचे होते. त्या भाषेला हॉटेलातील रात्रीचा, ब्रास वाद्यांचा आणि ब्लूजचा सूर लाभला. परक्या शैलीचे हे अनुकरण नव्हते. तिच्यात आपले दु:ख आपल्या बोलीत मांडणे होते.

मात्र पेरी आणि लॉर्ना यांची जोडी फुटली आणि दोन दशकांहून अधिक काळ हा आवाज रंगमंचावरून जवळजवळ नाहीसा झाला. गाणी घराघरांत वाजत राहिली, गायिका मात्र मूक होती. 1995 मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या 'हॅलो लॉर्ना'द्वारे त्या परतल्या. पेरी 2002 मध्ये निवर्तले. या दोघांच्या जीवनावरून प्रेरित, बार्ड्रॉय बार्रेटो दिग्दर्शित 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट 2014 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला आणि पेरी यांची गाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

विरहगीतात आवाजाचा गुळगुळीतपणा दुय्यम ठरतो. हॉलिडे यांचा थकलेला स्वर असो वा दीर्घ मौनानंतर परतलेला लॉर्ना यांचा, आयुष्याने पाडलेले चरेच तेथे अर्थ सांगतात. कोकणी न समजणाऱ्या श्रोत्यालाही 'नशिबाक रडटा' भिडते, ते याच कारणाने.