ठिपक्यांवरून ओळख

गिरगाव चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभे राहा. स्वतःची पावले दिसतात का? नाही! पाण्यातील गाळाचे कण प्रकाश विखुरतात. मग याच अरबी समुद्रातला व्हेल शार्क आपल्याला कसा दिसावा? हा जगातील सर्वांत मोठा मासा. लालबागच्या रस्त्यावरील बसपेक्षाही लांब वाढतो. पण तो कल्ल्यांनी श्वास घेतो. देवमाशाप्रमाणे त्याला हवेसाठी वर यावे लागत नाही.

म्हणून पाठीवर हवेची टाकी बांधून पाणबुडे नितळ पाण्यात उतरतात. कॅमेरा रोखायचा तो तोंडावर नव्हे, तर डाव्या कुशीवर, कल्ल्यांच्या मागे. तेथील पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशात वेगळी असते, जणू बोटांचे ठसेच! ती जुळवण्यासाठी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये चक्क आकाशातील तारे ओळखण्याची गणिती रीत वापरली.

गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी या माशाची सर्रास शिकार होई. २००१ मध्ये भारतात त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण मासे वाढले की घटले, हे कळायचे कसे? एकच मासा दोनदा मोजला जाता कामा नये. ती ओळख, माशाला जराही न दुखावता, एका छायाचित्रातून पटते.